सोबतीचा देव

पॅरिसमध्ये व्होजिरार रस्त्यावर कार्मेलाइट संन्याशांचा एक मठ होता. त्याचं चर्च आजही उभं आहे. सतराव्या शतकात या मठाच्या भटारखान्यात पायानं अधू असलेला एक ब्रदर राबत असे. चूल पेटवायची, भाजी निवडायची, मोठमोठी भांडी घासायची, घंटा झाली की सगळ्यांचं जेवण तयार ठेवायचं. स्वयंपाकाची आपल्याला उपजतच नावड आहे, असं तो स्वतः सांगे. तरी हे काम त्यानं पंधराएक वर्षं केलं. या धबडग्यात त्याच्या चेहऱ्यावर जी स्वस्थता दिसे ती पाहून मठाबाहेरचे लोक, त्यात शिकलेसवरलेले धर्मगुरूही, त्याला भेटायला येऊ लागले. देव कायम आपल्याबरोबर आहे हे ख्रिस्ती धर्मात प्रत्येकाला लहानपणीच शिकवलं जातं. ते वाक्य प्रत्यक्ष आधार कधी होतं, आणि कसं होतं, हे समजून घ्यायचं तर या भटारखान्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

त्याचं मूळ नाव निकोला एर्मां. 1614 च्या सुमारास लोरेन प्रांतातल्या एका गरीब घरात जन्मला. युरोपभर तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं असताना तो सैन्यात गेला. जर्मन सैनिकांनी हेर समजून त्याला पकडलं, मारण्याची धमकी दिली आणि मग सोडून दिलं. पुढे स्वीडिश फौजेशी झालेल्या लढाईत पायाला जखम झाली ती जन्माची. त्यानंतर एका खजिनदाराच्या घरी तो हरकाम्या म्हणून राहिला. तिथं हाताला लागेल ती वस्तू आपण फोडायचो, असं त्यानंच नंतर सांगितलं. 1640 मध्ये तो मठात आला तेव्हा या धांदरटपणाची चांगली शिक्षा इथं मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. लॅटिन येत नव्हतं, शिक्षण नव्हतं. म्हणून त्याला धर्मगुरू न करता कष्टाची कामं करणारा ब्रदर म्हणून घेतलं गेलं. मठात त्याला लॉरेन्स हे नाव मिळालं.

आज आपल्याला तो माहीत आहे तो ब्यूफोर्ट नावाच्या एका धर्मगुरूमुळे. 1666 च्या ऑगस्टमध्ये ब्यूफोर्ट त्याला पहिल्यांदा भेटला आणि भेटीत झालेलं बोलणं त्यानं लिहून ठेवलं. अशी चार संभाषणं, सोळा पत्रं आणि काही टिपणं एवढाच ब्रदर लॉरेन्सचा सगळा ऐवज. 12 फेब्रुवारी 1691 रोजी तो वारला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्यूफोर्टनं हे सगळं छापलं. फ्रान्समध्ये पुस्तकाच्या वाट्याला फारसं भाग्य आलं नाही. ब्रदर लॉरेन्सला आजारपणात भेटून गेलेले फेनेलों हे पुढे आर्चबिशप झाले आणि त्यांचं ध्यानप्रार्थनेवरचं पुस्तक 1699 मध्ये रोमनं निषिद्ध ठरवलं. त्या वादाची सावली या साध्या स्वयंपाक्याच्या पुस्तकावरही पडली. मग त्याला आसरा दिला तो प्रोटेस्टंटांनी. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी त्याची पत्रं आपल्या ग्रंथमालेत घेतली. कॅथलिक मठातल्या भटाऱ्याला प्रोटेस्टंट घराघरांत जागा मिळाली, तीही दोन्ही पंथ एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते त्या काळात.

तो करत काय होता? काम हाती घेण्याआधी देवाशी दोन शब्द बोलायचे. कामात असताना मध्येच पुन्हा बोलायचं. काम उरकलं की साधलं असेल तर आभार मानायचे, बिघडलं असेल तर क्षमा मागायची आणि पुढच्या कामाला लागायचं. ठरावीक शब्द नाहीत, ठरावीक वेळ नाही. तव्यावरचं आमलेट उलटायचं ते देवाच्या प्रेमापोटी. दुसरं काही करण्यासारखं नसेल तर जमिनीवर पडलेली काडी उचलायची, तीही त्याच प्रेमापोटी. मठाच्या वेळापत्रकानुसार प्रार्थनेला बसायचा तेव्हा आणि पातेलं ढवळत असायचा तेव्हा, दोन्ही वेळी आपण सारखेच देवाजवळ असतो, असं त्याचं म्हणणं होतं. मन भरकटलं तर त्याची खंत करत बसायची नाही. माझं असंच व्हायचं, तू सांभाळशील तरच जमेल, एवढं देवाला सांगून मोकळं व्हायचं. मला या सगळ्यात ही शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. भाविक माणसाची निम्मी ताकद आपलं लक्ष लागत नाही या अपराधी भावनेतच खर्च होते. ब्रदर लॉरेन्सनं त्या भावनेला दारातच अडवलं.

मठासाठी द्राक्षाची दारू खरेदी करायला त्याला बर्गंडीला धाडत. व्यवहाराचं डोकं नाही, पाय धड नाही. नावेतून जाताना उभं राहवत नसे, म्हणून पिंपांवरून अंग लोटत तो एका टोकाकडून दुसरीकडे जाई. ब्यूफोर्टला त्यानं हे सांगितलं ते तक्रार म्हणून नाही. हे काम तुझं आहे एवढं देवाला सांगितलं आणि ते नीट पार पडलं, असं सांगताना ओघात हा तपशील आला.

पण त्याच्या गोष्टीचा जो भाग सहसा गाळला जातो तो आता सांगायला हवा. मठात आल्यावरची पहिली दहाएक वर्षं त्यानं भयंकर तगमगीत काढली. आपली पापं सतत डोळ्यांसमोर, आपण देवाला मुकलो आहोत, नरकच आपल्या वाट्याला आहे असं वाटत राहायचं. अखेर त्यानं ठरवलं की मेल्यावर काय व्हायचं ते होवो, जिवंत आहोत तोवर देवावरच्या प्रेमापोटी काम करायचं. ती तगमग त्यानंतर एके दिवशी निवळली. म्हणजे ज्या सोबतीसाठी तो प्रसिद्ध आहे ती त्याला आयती मिळालेली नव्हती. जाणवत नसतानाही ती आहे असं धरून तो बरीच वर्षं वागला होता.

इथं एक अवघड गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कुणीतरी सतत आपल्याजवळ असणं ही मुळात दिलासा देणारी गोष्ट आहेच असं नाही. बायबलच्या पहिल्याच पानांवर आदाम आणि हव्वा देवाची चाहूल लागताच झाडांमागे लपतात. स्तोत्रसंहितेतलं 139 वं स्तोत्र ख्रिस्ती घरांत मोठ्या प्रेमानं वाचलं जातं. पण त्यातला कवीसुद्धा आधी विचारतो की तुझ्यापासून पळायचं म्हटलं तर कुठं जाऊ. आकाशात, पाताळात, समुद्रापलीकडे, अंधारात, सगळीकडे तू आहेसच. धाक दाखवण्यासाठी मुलांना ‘देव बघतोय’ असं सांगणारी माणसं सगळ्या धर्मांत असतात, आणि अशा धाकात वाढलेल्या मुलाला मोठेपणी देवाच्या सान्निध्यात गुदमरल्यासारखं झालं तर त्याचा दोष नाही. बघणारा कोण आहे आणि कशासाठी बघतो आहे, यावर सगळं ठरतं.

याचं बायबलमधलं सगळ्यात जुनं उत्तर एका गुलाम बाईच्या गोष्टीत आहे. हागार ही इजिप्तची. अब्रामाच्या घरी सारायची दासी. मालकिणीला मूल नव्हतं, म्हणून मालकापासून हिला दिवस राहिले, आणि मग मालकीणच तिला छळू लागली. ती वाळवंटात पळाली. तिथं एका झऱ्यापाशी देवाच्या दूतानं तिला नावानं हाक मारली आणि कुठून आलीस, कुठं चाललीस, असं विचारलं. त्या घरात तिला नावानं हाक मारलेली आधीच्या गोष्टीत कुठंच दिसत नाही. अब्राम आणि साराय दोघंही तिचा उल्लेख दासी म्हणूनच करतात. हागारनं मग देवाला स्वतःच एक नाव दिलं, मला पाहणारा देव असं. देवाला नाव देणारी बायबलमधली ही पहिली व्यक्ती, आणि ती एक परदेशी, गरोदर, घरातून पळालेली मोलकरीण आहे. तिचं दुःख मात्र तिथंच संपत नाही. तिला परत त्याच घरी जावं लागतं. आपल्याला पाहिलं गेलं आहे, एवढंच बदललेलं असतं. हे पुरेसं आहे का, असा प्रश्न वाचताना मनात येतो. तो यावाच, बायबलही तो झाकून ठेवत नाही.

कार्मेलाइट संन्यासी ज्याला आपला मूळपुरुष मानतात त्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट याहून स्पष्ट आहे. कार्मेल डोंगरावर राजाच्या बाजूच्या पुजाऱ्यांवर त्यानं मात केली, आणि ईजबेल राणीनं दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला ठार मारण्याची शपथ घेतली. काल आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला हा माणूस आज जीव घेऊन पळत सुटला. वाळवंटात एका झुडपाखाली बसून आता मला मरू दे, असं म्हणाला आणि झोपी गेला. देवानं त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडल्याबद्दल कानउघाडणीही केली नाही. एका दूतानं त्याला हलवून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. एलीयानं खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. दूतानं दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा जेवायला लावलं, कारण पुढची वाट लांबची होती. आधी अन्न, पाणी, झोप. होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यानंतर आलेला तो प्रसिद्ध मंद आवाज पुष्कळ दिवसांनी ऐकू आला. खचलेल्या माणसाला धीर देण्याचा हा क्रम डॉक्टरांनीसुद्धा लक्षात ठेवावा असा आहे.

इ. स. पू. सहाव्या शतकात बाबेलच्या फौजांनी यरुशलेम उद्ध्वस्त केलं, मंदिर जाळलं आणि लोकांना बंदी करून नेलं. देव मंदिरात राहतो अशी श्रद्धा असलेल्या लोकांचं मंदिरच गेलं. यहेज्केल हा पुरोहित त्याआधीच बंदी होऊन बाबेलला, खबार कालव्याकाठच्या वस्तीत येऊन पडला होता. तिथं त्याला देवाच्या तेजाचं दर्शन झालं ते चाकं असलेल्या सिंहासनाच्या रूपात. देव हलू शकतो, हद्दपार झालेल्यांच्या मागोमाग परक्या मुलखात येऊ शकतो, हा त्या चाकांचा अर्थ. पुढच्या ज्यू आणि ख्रिस्ती विचारावर या दर्शनाचा ठसा खोल आहे. मत्तयानं आपलं शुभवर्तमान त्याच सूत्रात बांधलं: सुरुवातीला जन्मणाऱ्या बाळाला इम्मानुएल, म्हणजे आमच्याबरोबर असलेला देव, हे नाव, शेवटी पुनरुत्थित येशूचं शिष्यांना युगाच्या अंतापर्यंत सोबत असण्याचं आश्वासन. या दोन टोकांच्या मधोमध मात्र क्रूस आहे, आणि त्यावर येशू देवानं आपल्याला का टाकलं, असा 22 व्या स्तोत्रातला टाहो फोडतो. ख्रिस्ती श्रद्धेतला दिलासा इतरांपेक्षा कशात वेगळा, असं कुणी विचारलं तर मी या टाहोकडे बोट दाखवीन. सोबत देणारा स्वतः एकटेपणाच्या तळाशी जाऊन आलेला आहे, अशी ही श्रद्धा आहे.

ही सोबत मानण्याच्या तऱ्हा पंथागणिक निराळ्या. कॅथलिक चर्चमध्ये वेदीजवळच्या पेटीत ख्रिस्तप्रसादाची भाकर ठेवलेली असते आणि तिच्यापाशी अखंड दिवा तेवतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे धर्मगुरू तीच भाकर छोट्या डबीतून घरी घेऊन जातात. प्रोटेस्टंटांचा भर वचनावर आणि पवित्र आत्म्यावर. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत येशूच्या नावाची एक लहानशी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणत राहतात. क्वेकरांच्या पारंपरिक सभेत तर लोक एकत्र बसून मौन पाळतात.

महाराष्ट्रात या गोष्टीला स्वतःचा सूर लाभला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांमुळे. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही त्यांची भावना होती आणि ती त्यांनी लपवली नाही. आजही मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळकांची पदं भेटतात, आणि त्यांतला येशू आईसारखा, सख्यासारखा, जिवलगासारखा येतो. युरोपीय चालींवर रचलेल्या पदांमध्ये न सापडणारी जवळीक मराठी ख्रिस्ती भजनाला वारकरी बोलीतून मिळाली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट वेगळी होती. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर त्या पाचेक वर्षं दूर राहिल्या, स्वतःच्या मनाचा पुरता झगडा झाल्यावरच 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना जाणवतं की त्यांचा देव तत्त्वचर्चेतून आलेला नाही. तो उपासमार, प्लेग, विरह, पोरकी मुलं यांच्या गर्दीत घरातल्या माणसासारखा वावरतो.

ब्रदर लॉरेन्सबद्दल वाचताना मराठी माणसाला जनाबाई आठवणारच. जात्यावर तिच्या जोडीला बसणारा, शेण्या वेचणारा विठ्ठल आपल्या रक्तात आहे. दोन्हीकडे कष्टाचं, कमी लेखलेलं काम हेच भेटीचं ठिकाण आहे. फरकही मोठा आहे. जनीचा देव येऊन तिचं दळण दळतो. लॉरेन्सचा देव आमलेट उलटत नाही. ते लॉरेन्सलाच उलटावं लागतं, देवाच्या समक्ष आणि देवासाठी. जनीच्या कल्पनेत जास्त माया आहे, असं मला वाटतं. लॉरेन्सची कल्पना कोरड्या दिवसांत जास्त टिकते.

गेल्या काही दशकांत मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांनीही या अनुभवाचा अभ्यास केला आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि आई यांच्यातल्या बंधाचा सिद्धांत मांडला. भ्यालेलं मूल आईकडे धावतं हा त्यातला एक भाग. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा: आई जवळपास आहे याची खात्री असलेलं मूल तिला चिकटून बसत नाही, उलट दूर जाऊन खेळतं, नवीन गोष्टींना हात लावतं, मधूनच वळून पाहतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ली कर्कपॅट्रिक यांनी 1990 च्या सुमारास असं मांडलं की अनेक श्रद्धावंतांचं देवाशी असलेलं नातं याच बंधासारखं काम करतं. म्हणजे देवाची सोबत ही फक्त संकटातली लपायची जागा नाही. जगात बाहेर पडायचं बळही तिच्यातून येतं. चौफेर धोका असलेल्या जागी कामाला जाणाऱ्या कितीतरी नर्स, शिक्षिका आणि धर्मभगिनींचं आयुष्य या दुसऱ्या भागाशिवाय उलगडत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुअरमन यांनी अमेरिकेतल्या व्हिनयार्ड या इव्हँजेलिकल पंथाच्या लोकांमध्ये वर्षानुवर्षं राहून 2012 मध्ये एक पुस्तक लिहिलं. तिथं लोकांना सांगितलं जातं की देवाशी मित्रासारखं बोला. हवं तर टेबलावर त्याच्यासाठी कॉफीचा दुसरा कप ओतून ठेवा. वरवर हे पोरकट वाटेल. लुअरमन यांनी त्याकडे गांभीर्यानं पाहिलं. देवाचं जवळ असणं जाणवणं हे बऱ्याच अंशी शिकावं लागतं, सरावानं येतं, आणि तो सराव करणाऱ्यांच्या मनाची घडण हळूहळू बदलते, असं त्यांना आढळलं. देव आहे की नाही हा निकाल त्या देत नाहीत; तो त्यांच्या शास्त्राचा विषय नाही. पण सरावाबद्दल त्या जे म्हणतात ते व्होजिरार रस्त्यावरच्या भटाऱ्याला नवीन वाटलं नसतं.

या अभ्यासांची एक काळजी वाटावी अशी बाजू आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या परिसरातल्या रुग्णालयांतले जवळपास 600 वयस्क रुग्ण घेऊन केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षं पाठपुरावा केला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, देवानं आपल्याला टाकलं, देवाचं आपल्यावर प्रेम उरलं नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात त्या काळात मृत्यूचं प्रमाण अधिक होतं. आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनही. ज्याच्यासाठी देवाची सोबत हाच आयुष्याचा आधार असतो, त्याला ती सोबत गेल्याचं दुःख शरीरापर्यंत पोचतं. अशा माणसाला ‘अहो, देव आहे ना!’ एवढं म्हणून निघून जाणं क्रूर आहे.

म्हणूनच मदर टेरेसा यांची पत्रं इतकी महत्त्वाची आहेत. 1946 च्या सप्टेंबरमध्ये दार्जिलिंगला जाताना रेल्वेत त्यांना आपल्या कामाची हाक ऐकू आली. कोलकात्याच्या गल्ल्यांमध्ये काम सुरू झालं आणि त्याच सुमारास देवाचं जवळ असणं जाणवणं थांबलं. मधला एखादा थोडका काळ सोडला तर 1997 मध्ये मरेपर्यंत हा अंधार टिकला. आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना लिहिलेली पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती जपली गेली आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. जगाला धक्का बसला. काहींनी त्यांना ढोंगी ठरवलं. ज्यांनी ती पत्रं नीट वाचली त्यांना एक बाई दिसली, जी रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसत होती, मरणाऱ्या माणसांची अंगं धुत होती आणि आपल्याला आत काहीही जाणवत नाही हे ज्यांना सांगायला हवं त्यांना प्रामाणिकपणे सांगत होती.

त्यांना या अंधारात वाट दाखवली ती योसेफ नॉयनर या जेझुइट फादरनी. ऑस्ट्रियात जन्मलेले नॉयनर पुण्यात भावी धर्मगुरूंना ईशशास्त्र शिकवत. शंभरी ओलांडून 2009 मध्ये पुण्यातच वारले. 1961 च्या सुमारास मदर टेरेसांनी त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. नॉयनर यांनी त्यांना समजावलं ते असं: या अंधारावर माणसाजवळ उपाय नाही, तेव्हा तो आपल्याच चुकीनं आला असं मानू नका. देव जाणवणं हा देव जवळ असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. आणि ज्याची इतकी ओढ लागली आहे तो तुमच्या आतच असल्याशिवाय ही ओढ लागणार कशी? त्यानंतर मदर टेरेसांना आपल्या अंधाराबद्दल प्रेम वाटू लागलं, असं त्यांनी लिहिलं. अंधार गेला नाही. त्याची भीती गेली.

नॉयनर यांचं हे उत्तर मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतं. सोबत आणि सोबतीची जाणीव या दोन गोष्टी आहेत. जाणीव येते, जाते. प्रकृती, झोप, शोक, वय यांवर ती अवलंबून असते. 88 वं स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतं, एकही दिलाशाचं वाक्य न बोलता. ते कुणी वगळलं नाही, त्याला सुखाची शेपटी जोडली नाही. अडीच हजार वर्षं लोक ते देवासमोरच म्हणत आले आहेत. देव ऐकत नाही ही तक्रारसुद्धा त्याच्याकडेच करायची, एवढी जागा या परंपरेनं दुःखी माणसासाठी मोकळी ठेवली आहे.

मग दुसऱ्याचं दुःख बघणाऱ्यानं काय करायचं? बायबलमधल्या ईयोबाची मुलं मेली, संपत्ती गेली, अंगभर फोड आले, तेव्हा तीन मित्र त्याला भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. तोवर सगळं ठीक होतं. त्यानंतर त्यांनी कारणमीमांसा सुरू केली आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. येशूनंही पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत मित्रांकडे एवढंच मागितलं होतं की माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले.

त्या मागणीवर एका बाईनं आपलं आयुष्य उभं केलं. सिसिली सॉन्डर्स (1918–2005) आधी नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडून रुग्णालयात समाजसेविका झाल्या. 1948 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली डेव्हिड टास्मा हा वॉर्सामधून आलेला ज्यू निर्वासित कॅन्सरनं मरत होता. ओळखीचं कुणी नाही, परका देश. दोघं तासन्‌तास बोलत. अशा माणसांसाठी एक घर असावं, हा विचार त्या बोलण्यातून निघाला. त्या घराची एक खिडकी व्हावी म्हणून टास्मानं त्यांच्या नावे 500 पौंड ठेवले. सॉन्डर्स मग वैद्यक शिकल्या, 1957 मध्ये डॉक्टर झाल्या. नर्सेससाठी लिहिताना त्यांनी गेथशेमानेतल्या त्याच मागणीला मध्यभागी ठेवलं: मरणाऱ्या माणसाचं दुःख आपल्याला समजलं नाही तरी त्याच्याजवळ थांबता येतं. 1967 मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाऱ्या माणसांच्या शुश्रूषेचं घर, उघडलं. त्यात टास्माची खिडकी आहे.

पण त्यांनी नुसतं थांबायला सांगितलं असतं तर मी हे इतक्या आदरानं लिहिलं नसतं. त्या काळी रुग्ण कळवळून मागेपर्यंत मॉर्फिन देत नसत. सवय लागेल ही भीती होती. सॉन्डर्स यांनी लंडनमधल्याच धर्मभगिनींच्या एका हॉस्पिसमध्ये नोंदी ठेवून दाखवून दिलं की वेदना परतण्याआधीच, घड्याळ लावून नेमक्या वेळी औषध दिलं तर माणूस शुद्धीत राहतो, बोलतो, आपल्या माणसांचा निरोप घेऊ शकतो. हे आज जगभर मानलं जातं. भारतातलं पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, शांती आवेदना सदन. बरा न होणारा कॅन्सर झालेल्यांना तिथं जात-धर्म न विचारता, पैसे न घेता ठेवून घेतात. शुश्रूषेला ख्रिस्ती धर्मभगिनी असतात. रुग्णांत हिंदू असतात, मुसलमान असतात, कशावरच विश्वास नसलेलेही असतात. प्रार्थना हवी असेल त्याच्यासाठी प्रार्थना होते. औषधाची वेळ मात्र सगळ्यांची पाळली जाते.